शोधणाऱ्या बाईला काय सापडतं?



गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी, समुपदेशनाची वेळ संपत आली असताना, एक बाई केंद्रावर आली. वय तिशीच्या आतलं. बरोबर पाच वर्षांचा मुलगा, एका पिशवीत दोन साड्या आणि दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नवऱ्यानं रात्री मारून घराबाहेर काढलं, त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. अशा बाया आमच्याकडे येतात; त्यात नवं काही नाही. नवं होतं ते तिच्या कागदांत. खाली कुणाचंही नाव नसलेली, इंग्रजीत टाईप केलेली एक नोटीस होती, आणि मोबाईलवर अडीच हजार रुपये कुणाला तरी पाठवल्याची नोंद.

हळूहळू तिनं सांगितलं. त्या रात्री ती एसटी स्टँडवर बसून होती. माहेरी जायचं की नाही हे ठरत नव्हतं. फोन हातात होता, तेव्हा तिनं फोनलाच विचारलं, बोलून विचारलं, की नवऱ्यानं मारून बाहेर काढलंय, काय करू? फोननं यादी दिली. तिनं सगळ्यात वरचा नंबर लावला. त्या नावाच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलं होतं, पण तो शब्द तिनं वाचला नाही आणि वाचला असता तरी त्यातून तिला काय कळणार होतं? पलीकडच्या माणसानं तिला ‘मॅडम’ म्हटलं, नीट ऐकून घेतलं, पैसे मागितले आणि नोटीस पाठवली. मग आणखी पाच हजार मागितले. ते नाहीत म्हटल्यावर फोन उचलणं बंद केलं.

तिला जे हवं होतं ते सगळं फुकट मिळणारं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार नेमलेला संरक्षण अधिकारी तिचा अहवाल लिहून घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायला बांधलेला आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि शेवटी, आम्ही आहोत. मी तिला विचारलं, “आमच्या केंद्राचं नाव नाही का दिसलं तिथं?” ती म्हणाली, “नाही ताई. तुमचं नाव मला गाडीत शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं.”

ती गेल्यावर आम्ही तिघीजणी फोन घेऊन बसलो आणि तिनं विचारलं तसंच विचारून पाहिलं. खाली, खूप खाली जाईपर्यंत आमचं नाव नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं काम करणारी संघटना, जिचे अंक जिल्ह्या-जिल्ह्यांत जातात, ती तिथं नव्हतीच! मग ‘४९८अ’ असं टाकून पाहिलं. तक्रार कशी करावी यापेक्षा तक्रारीतून कसं सुटावं हे सांगणारा मजकूर आधी आला. पहिल्यांदा राग आला. मग थोडं डोकं शांत झाल्यावर लक्षात आलं, की हा कुणी बाईविरुद्ध रचलेला डाव नाही. हा साधा बाजार आहे, आणि बाजारात पैसे कोण देणार हे आधी पाहिलं जातं. खटल्यात अडकलेला नवरा फी देऊ शकतो. एसटी स्टँडवर बसलेली बाई अडीच हजारांपलीकडे देऊ शकत नाही.

तेव्हा या अंकाच्या निमित्तानं हा बाजार चालतो कसा, हे थोडं समजून घेऊ. आपल्यापैकी अनेकजणींना हा विषय आपला वाटणार नाही. मलाही वाटत नव्हता. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आम्हांला गृहभेट कशी करावी, वस्तीचा नकाशा कसा काढावा हे शिकवलं. बाई पहिला प्रश्न एका यंत्राला विचारील, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

गूगलसारखं शोधयंत्र जगभरची पानं सतत वाचत असतं आणि पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक अवाढव्य सूची बनवत असतं. आपण शब्द टाकला की त्या सूचीतली पानं निघतात. ती हजारो असतात. कोणतं वर आणि कोणतं खाली, हाच खरा प्रश्न. १९९८ मध्ये गूगल सुरू करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची युक्ती अशी होती की एका पानानं दुसऱ्याचा दुवा दिला म्हणजे ती शिफारस समजायची. ज्याला जास्त आणि वजनदार शिफारशी, ते वर. आता त्यात इतर शेकडो गोष्टी आल्या आहेत. पानाच्या शीर्षकात कोणते शब्द आहेत, स्वस्तातल्या फोनवर ते पटकन उघडतं का, ते कधी लिहिलंय, विचारणारी व्यक्ती कोणत्या गावी आहे, वगैरे. या गोष्टी हेरून आपलं पान वर नेण्याचा जो धंदा उभा राहिला आहे त्याला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, थोडक्यात एसईओ, म्हणतात. हे झालं एक. दुसरं म्हणजे सरळ विकत घेतलेली जागा. प्रत्येक शब्दाचा लिलाव होतो. आपण बोट टेकवलं की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. त्या बाईनं ज्या नावावर बोट टेकवलं, त्या माणसानं त्या एका स्पर्शाचे पैसे आधी मोजले होते. अडीच हजारांत ते वसूल झाले.

गंमत अशी की १९९८ च्या त्यांच्या निबंधातच या दोघांनी लिहून ठेवलं होतं, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि सामान्य माणसाच्या गरजेपासून दूर जाणार. २००० च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच कंपनीनं जाहिराती विकायला सुरुवात केली.

आणि हा झुकाव नुसता पैशांपुरता नाही. साफिया नोबल या अमेरिकन अभ्यासिकेचं ‘अल्गोरिदम्स ऑफ ऑप्रेशन’ हे पुस्तक २०१८ मध्ये आलं. काळ्या मुलींविषयी काही शोधावं म्हणून तिनं तेवढेच दोन शब्द टाकले, तर समोर अश्लील चित्रांची दुकानं उभी राहिली, असा तिचा अनुभव त्यात आहे. ज्यांच्याकडे स्वतःची पानं वर न्यायला बळ नाही, त्यांची नावंसुद्धा दुसरेच लोक विकून खातात.

आता कुणी म्हणेल, जाहिराती काय, पूर्वीही होत्याच. होत्या ना! आमच्या कपाटातले जुने अंक काढून पाहा. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या लोकलमध्ये गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती उघड लागत असत: आज काही शे रुपये खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या. आपल्याआधीच्या मैत्रिणींनी त्याविरुद्ध मंच उभारला, निदर्शनं केली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. त्याचं कलम २२ लिंगनिदानाच्या जाहिरातींवर बंदी घालतं. सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन सरकारला या कायद्याची आठवण करून दिली. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन २००३ पासून या कलमात ‘इंटरनेट’ हा शब्दही आला. रेल्वेच्या डब्यातून जाहिरात उतरली आणि पडद्यावर चढली, हे कायद्यानं तेव्हाच ओळखलं होतं.

पण ओळखणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. २००८ मध्ये डॉ. जॉर्ज यांना पुन्हा न्यायालयात जावं लागलं. या वेळी समोर गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट होत्या. लिंगनिवडीशी संबंधित शब्द टाकले की त्यांच्या पानांवर जाहिराती दिसत. २०१५ च्या जानेवारीत न्यायालयानं या जाहिराती दाखवू नयेत असा अंतरिम आदेश दिला. १६ नोव्हेंबर २०१६ ला एक केंद्रीय यंत्रणा नेमायला सांगितली: तिच्याकडे तक्रार आली की तिनं कंपनीला कळवायचं, आणि कंपनीनं ३६ तासांत तो मजकूर काढायचा. डिसेंबर २०१७ मध्ये ही याचिका निकाली निघाली. नऊ वर्षं! या मधल्या काळातल्या २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. १९९१ मध्ये त्या ९४६ होत्या. ही घट एकट्या इंटरनेटनं केली असं कुणी म्हणणार नाही. सोनोग्राफी यंत्रं इंटरनेटच्या आधी तालुक्यात पोचली होती. पण जाहिरात करणाऱ्याला नवी भिंत किती लवकर सापडते आणि ती पुसायला आपल्याला किती वेळ लागतो, हे त्या नऊ वर्षांवरून दिसतं.

या लढ्याचा एक धागा मात्र अजून सुटलेला नाही. शब्द अडवायला गेलं की चाळणीत नको ते अडकतं आणि हवं तेही अडकू शकतं. गर्भपात हा १९७१ पासून या देशात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं काही गटांतल्या बायांसाठी ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. सज्ञान बाईला नवऱ्याची संमती लागत नाही. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईलाही तोच हक्क असल्याचं सांगितलं. पण किती बायांना हे माहीत आहे? ज्यांना पाळी चुकल्याची भीती वाटते त्या आज डॉक्टरच्या आधी फोनला विचारतात. लिंगनिवड थांबवण्याच्या नादात सुरक्षित गर्भपाताची माहिती दडपली गेली तर ते आपलंच नुकसान. बंदी आहे ती कलम २२ चा भंग करणाऱ्या मजकुरावर, साध्या माहितीवर नाही, हे न्यायालयानंही २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथंच आमच्या गटात मोठा वाद झाला, तो तुमच्यापुढे मांडते. एसईओचा पहिला नियम सांगतो की लोक जो शब्द वापरतात तोच शब्द वापरा. लोक ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द टाकतात. निबंध लिहिणारी शाळकरी मुलं तर हमखास. आणि आम्ही तो शब्द वापरत नाही. वापरायचा नाही असं ठरवूनच वापरत नाही, कारण त्यात ‘हत्या’ आहे, आणि एकदा गर्भपाताला हत्या म्हटलं की गर्भपात करून घेणारी प्रत्येक बाई खुनी ठरते. आम्ही ‘लिंगनिवड’ म्हणतो. मग ‘लिंगनिवड’ हा शब्द जपून कुणाला न सापडता बसायचं, की ‘हत्या’ लिहून वरच्या ओळीत जायचं?

असाच दुसरा शब्द. बाई सांगते, “नवऱ्यानं टाकलं.” नव्वदच्या दशकातल्या आमच्या अंकांत ती ‘परित्यक्ता’ आहे. आताच्या अंकांत ‘एकल महिला’. हे दोन्ही शब्द विचार करून, भांडून आणलेले आहेत. टाकून दिलेली वस्तू या प्रतिमेतून बाईला बाहेर काढायचं होतं. पण मध्यरात्री फोनला प्रश्न विचारणारी ‘एकल महिलांचे प्रश्न : एक दृष्टिक्षेप’ असं कधीच विचारणार नाही. आमच्या पानांची शीर्षकं मात्र अशीच होती. ती आम्ही एकमेकींना वाचून दाखवली तेव्हा हसू आलं आणि लाजही वाटली. परिसंवादात शोभतील अशी सगळी.

आमच्यातली एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, “आपण काय साबण विकतोय, की गिऱ्हाइकाच्या शब्दात बोलायचं?” तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. पण तिनंच पूर्वी पोस्टर्स रंगवली आहेत. ती कुठं लावायची याचा विचार तेव्हा किती करत असू, हे तिनंच पुढे सांगितलं: लेडीज डब्याच्या दाराजवळ, नळावर, रेशनच्या रांगेत, आणि अक्षर एवढं मोठं की लांबून वाचता आलं पाहिजे. आम्ही तिला म्हटलं, आजची भिंत ही आहे. शेवटी आम्ही असं ठरवलं, की प्रश्न तिच्या शब्दांत असावा आणि उत्तर आपल्या. ‘नवऱ्याने टाकले आहे, पोटगी कशी मिळेल?’ हे शीर्षक; आत मात्र तिला वस्तू समजणारी भाषा नाही. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द एकाच पानावर येईल, तोही आपण तो का वापरत नाही हे सांगण्यासाठी. निबंध लिहिणारी मुलं तिथं आली तर बरंच आहे. दोघी-तिघींना हे अजून पटलेलं नाही. त्यांनी पुढच्या अंकात लिहावं अशी विनंती केली आहे.

भाषेखेरीज आणखी एक लाजिरवाणी गोष्ट निघाली. आमचे वीस वर्षांचे अंक वेबसाइटवर होते, पण ते जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये. आपल्याला ते वाचता येतात. यंत्राला मात्र त्यात अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. पोटगीवर, जमिनीतल्या हक्कावर, बलात्काराच्या कायद्यावर मैत्रिणींनी जीव तोडून लिहिलेले लेख यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. केंद्राचा फोन नंबर तर सुंदर चित्रात छापला होता, म्हणजे तोही वाचता येत नव्हता. मराठीतल्या किती छोट्या नियतकालिकांची, संस्थांची ही अवस्था असेल? आता दोघी विद्यार्थिनी लेख पुन्हा टाईप करताहेत. नुसतं टाईप करून भागत नाही, कारण कायदे बदलले आहेत. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना ४९८अ ऐवजी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ लागतात. बाई अजून ‘४९८’च म्हणते, तेव्हा दोन्ही आकडे लिहावे लागतात.

मध्यंतरी एका एजन्सीचा तरुण येऊन गेला. दरमहा पंधरा हजारांचं पॅकेज, इतके लेख, इतके दुवे. आम्ही कोणते दुवे म्हणून विचारलं, तर ते विकत मिळतात म्हणाला. असे विकतचे दुवे गूगलच्याच नियमांत बसत नाहीत आणि पकडले गेले तर पान आणखी खाली जातं, हे आम्ही तोवर वाचलं होतं. त्यानं आणखी एक सुचवलं: मारहाणीच्या खुणा असलेल्या बाईचे फोटो टाका, लोक थांबून बघतात. त्याला चहा दिला आणि निरोप दिला. दुव्यांसाठी आम्ही दुसरा रस्ता धरला. इतर केंद्रं, महाविद्यालयांतले समाजकार्य विभाग, आरोग्यगट यांना पत्रं लिहिली, की तुम्ही आमच्या पानाचा दुवा द्या, आम्ही तुमचा देऊ. एकमेकींची शिफारस करणं आपल्याला शिकवावं लागत नाही.

गूगल नोंदणीकृत संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट देतं. त्या पैसे भरणाऱ्यांच्या खाली लागतात. ज्या कंपनीविरुद्ध आपल्यातलीच माणसं न्यायालयात उभी राहिली तिच्याकडून हे घ्यावं का? माझं मत घ्यावं असं आहे. तिथली जागा रिकामी ठेवली तर ती अडीच हजारवाला घेतो. पण यावर गटाचा निर्णय झालेला नाही.

एका बाबतीत मात्र आम्ही बाजाराचा नियम सरळ मोडला आहे. पानावर कोण आलं, कुठून आलं, पुढे कुठं गेलं याचा माग ठेवणं हा या व्यवसायाचा प्राण आहे. आमच्याकडे येणाऱ्या बाईचा फोन पुष्कळदा तिचा एकटीचा नसतो. तो नवरा बघतो, सासू बघते, दीर बघतो. पुढच्या वेळी कुणी ‘न’ टाईप केलं की फोनच तिचा जुना प्रश्न पुढे करतो! म्हणून आमच्या पानांवर माग ठेवणारं काही नाही; वर मोठ्या अक्षरांत ‘लगेच बाहेर पडा’ असं बटण आहे, आणि खाजगी खिडकी कशी उघडायची, शोधलेलं कसं पुसायचं हे पहिल्याच परिच्छेदात आहे. कोणत्या शब्दांवरून आमचं पान लोकांना दिसलं, एवढं गूगल एकत्रित स्वरूपात कळवतं. कुणी विचारलं ते कळत नाही. तेवढं पुरे.

२०२४ पासून शोधयंत्रं नुसती यादी न देता वरच तयार उत्तरही देऊ लागली आहेत. ते उत्तर इतरांची पानं वाचूनच बनवलेलं असतं. मराठीत लिहिलेली, वाचता येण्यासारखी, अद्ययावत पानं आपण ठेवली नाहीत तर ते कुणाच्या पानांवरून बनेल, ते सांगायला नको. शिवाय असल्या ‘सल्लागारां’ना आवरणं हे एकट्या संस्थांचं काम नाही. वकिलांना जाहिरात करून अशिलं गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये वकिलांची नावं विकणाऱ्या संकेतस्थळांबद्दल कारवाई करायला सांगितलं. महाराष्ट्रातल्या आपल्या वकील मैत्रिणींनी हा मुद्दा हाती घ्यावा.

वाचक मैत्रिणींकडे आमचं एक मागणं आहे. तुमच्याकडे येणाऱ्या बाया पहिल्या भेटीत जे वाक्य बोलतात, ते त्यांच्या बोलीत, त्यांचं नाव-गाव न लिहिता, पोस्टकार्डावर किंवा मेसेजवर आम्हांला पाठवा. वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो. त्यावरून आम्ही पानं लिहिणार आहोत.

त्या बाईच्या अर्जावर अंतरिम आदेश झाला आहे. अडीच हजार परत मिळालेले नाहीत. मागच्या आठवड्यात ती तारखेसाठी आली तेव्हा मी तिला विचारलं, “आता पुन्हा फोनला विचारायचं झालं तर काय विचाराल?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मारतो असं नाही विचारणार ताई. ते तर मला माहीतच होतं. घर कुणाचं, मला बाहेर काढता येतं का, असं विचारीन.”

२००५ च्या कायद्याचं कलम १७ म्हणजे राहत्या घरात राहण्याचा हक्क. त्यावर आमच्याकडे तीन लेख होते. तिन्हींच्या शीर्षकात ‘घर’ हा शब्द नव्हता. ते पान आता लिहायला घेतलं आहे.